प्रश्न सतरावा

एका फॉर्मचे साठ रुपये, एसटीचं भाडं वेगळं,
तेही तिकीट जोडलं तर.
म्हणून वेंगुर्ल्याच्या अलीकडच्या काजू कारखान्यात
मी दिवसाला नऊ बायका उरकायचे.
'उरकायचे' हा शब्द अहवालात नाही.
अहवालात मी क्षेत्रकार्य सहायक,
तळटीप तीन.

आनंदी पालयेकर. फॉर्म एकशे चौदा.
पायाने दांडा दाबते, काजू फुटतो,
टरफल इकडे, गर तिकडे.
हाताला राख, राखेखाली एरंडेल,
एरंडेलाखाली चीक कधीचाच पोचलेला.
मी संमतिपत्र वाचून दाखवलं, नियमाप्रमाणे अख्खं:
माहिती गोपनीय राहील,
कधीही नकार देता येईल.
"नको म्हटलंय तर आजचो रोज तू देतलंस?"

शाईचा पॅड पुढे केला.
अंगठा उमटला तो नुसता निळा,
गुळगुळीत, आत एकही रेघ नाही.
पुन्हा घेतला. पुन्हा तसाच.
"रेघो चिकान खाल्ल्यान गो.
रेशनच्या मशीनीक पण मी गावनंय नाय."

प्रश्न सतरावा: आपण आपल्या कामाबद्दल समाधानी आहात का?
होय. नाही. सांगता येत नाही.
तिने एक काजू फोडला, मग आणखी एक.
"पोटाक भाकरी गावता.
समाधान म्हंजे आणि काय आसता?"

मला ते माहीत नव्हतं.
पर्याय तीनच होते
आणि पाच वीसची गाडी चुकली तर पुढची थेट सातला.
मी 'होय'वर खूण केली.

पुण्यात आमच्याकडेही प्रतवारी चालते.
अख्खी उत्तरं एका रकान्यात,
पाकळ्या दुसऱ्यात,
कणी फेकून देतात, तिला म्हणतात माहितीची सफाई.
चाळणीतून शेवटी आकडा पडला, पांढरा, न तुटलेला:
एकाहत्तर टक्के.

तो कोणी कोणाला दिला, ठाऊक नाही.
शेठचा मेव्हणा त्या वर्षी झेडपीला उभा होता.
जिल्ह्याच्या दैनिकात पहिल्या पानावर बातमी:
'काजू कामगार महिला समाधानी, विद्यापीठाचा निर्वाळा'
आणि खाली अर्धं पान शेठच्या शुभेच्छा,
हात जोडलेले, दहाही बोटांच्या रेषा
छपाईत सुद्धा स्वच्छ दिसणाऱ्या.

सर म्हणाले, चला, संशोधन लोकांपर्यंत पोचलं एकदाचं.
पुढच्या प्रकल्पाचा अर्ज टेबलावर होता.
माझं नाव होतं त्यात, पेन्सिलने.

मी संपादकांना पत्र लिहिलं, दोन पानी,
प्रश्न कसा विचारला, घाई कशी होती,
खूण कोणाच्या हाताची.
नाबर संपादक फोनवर भले वाटले.
"मॅडम, जाहिरातीवर पेपर चालतो, पत्रांवर नाही. बघतो."
आठव्या दिवशी चार ओळींचा खुलासा आला,
भरती-ओहोटीच्या वेळांखाली,
हरवलेल्या तांबड्या गाईच्या वर.
त्यात 'घाई' राहिली होती, 'मी' गेला होता.

मग रजा टाकून गेले.
आनंदीबाई त्याच कटरपाशी.
नातवाने पेपर वाचून दाखवला होता तिला,
आधी बातमी, मग गाय.
मला वाटलं, रागावेल. मी वाक्यं तयार ठेवली होती.
तिने पाटावरची टरफलं हाताने सारली, जागा केली.

"एकाहत्तर टक्के," ती म्हणाली,
शब्द तोंडात फिरवून, आठळीसारखा.
"त्यात माझां किती, तां सांग."

मी सांख्यिकी शिकवते आता, तासिका तत्त्वावर.
भागाकार येतो मला.
एकाहत्तर भागिले दोनशे बारा
कुठल्याही गणकयंत्रावर निघतं.

कपाटात दोनशे बारा संमतिपत्रं आहेत.
तपासनिसाने पेन्सिलीने शेरा मारलाय:
ठसे अस्पष्ट, पुन्हा घ्यावेत.