दोन अखंड, दोन तुटक

रात्री दीड वाजता दाबोळीचा टॅक्सीवे
आमच्या ताब्यात येतो.
साडेचारला परत द्यायचा, झाडून पुसून,
खिळा, चिंधी, विडीचं थोटूकही न ठेवता.
कामील फुर्तादो वॉकीटॉकीवर नावं सांगतो,
वरच्या काचेआडून कुणीतरी म्हणतं, जा.

तिथे चार पिवळ्या रेघा आहेत.
दोन अखंड, दोन तुटक.
अखंड बाजूने आलास तर थांब,
विचारल्याशिवाय चाक पुढे नाही.
तुटक बाजूने आलास तर खुशाल ये,
तू उतरलायस, तुझं झालं.
खूण एकच. कुठून येतोस त्यावर तिचा अर्थ.
हे मला कुणी शिकवलं नाही,
बावीस वर्षं गुडघ्यांवर बसून कळलं.

वर्षातून दोनदा रंगवायचो.
बाकीचे दिवस टायर खायचे,
लाल माती खायची,
ऊन येता-जाता चाखायचं.
फिकट झाली की मला बोलावणं.
खरं सांगू? ती पुसली जायची
म्हणून माझी चूल पेटायची.

यंदा नव्या साहेबीणबाई, अन्विता केंकरे.
म्हणाल्या, रंग बंद.
आधी जुना सगळा काढा.
पाण्याचा झोत असा की बोट गेलं तर हाड दिसेल.
एक खपली उडून बुटापाशी पडली.
बॅटरी मारली. थरावर थर.
दर नखाएवढ्या जाडीत माझं एक वर्ष.
चव्वेचाळीस भरायला हवे होते,
भरले एकतीस.
उरलेले तेरा कंत्राटदाराने पाणी घालायला सांगितलं ते.
मी घातलं होतं.
मधे एक थर मात्र भाकरीसारखा जाड:
टाळेबंदीचं साल. विमान नाही, घाई नाही,
दत्ताराम वेळीप आणि मी
कुणीही बघत नसताना दोन हात जास्त दिले.
बाई म्हणाल्या, हा कोणता माल वापरलात?
मी म्हटलं, तोच.

मग पेट्यांतून नवे तुकडे निघाले,
थर्मोप्लास्टिक, चपातीएवढे लवचीक,
फरशी बसवावी तसे शेजारी शेजारी मांडले.
त्यावर गॅसची निळी जीभ फिरवायची.
पिवळं आधी घामेजतं, मग फुगे धरतं,
मग जमिनीत शिरल्यागत बसतं.
त्यावर काचेचे मणी, रव्याएवढे,
रात्री विमानाच्या दिव्याला डोळा देणारे.
ब्रश नाही. दोरी नाही. हाताची थरथर दिसायची सोय नाही.
बाई वाकून म्हणाल्या, आता सात वर्षं बघायला नको.
माझी नोकरी चार वर्षं उरलीय.
गणित मी करत नव्हतो, आपोआप झालं.

वाईट वाटलं म्हणू? गुडघे तर खूश आहेत.
आणि काम देखणं झालंय, खोटं कशाला बोलू.
पहाटे पहिलं विमान आलं,
अखंड रेघेच्या वीतभर अलीकडे
पुढचं चाक आणून उभं राहिलं,
शहाण्या म्हशीसारखं.

घरी जाताना बोगमाळोच्या किनाऱ्यावरून गेलो.
तिथल्या होड्यांच्या कडा बघितल्यात कधी?
त्यांचा पिवळा कुठल्याच दुकानात मिळत नाही.
चर्चमागच्या गोलपोस्टचा, बसथांब्याच्या बाकाचा,
रुझारियोच्या डुकरांच्या फाटकाचा, तोच.
डब्यात चार बोटं उरायचीच दर वेळी,
उरवायचोच म्हणा. फुर्तादोला माहीत होतं,
त्याच्याही जिन्याचा कठडा पिवळा आहे.

जुझेफिना जाळं निवडत बसली होती.
होडी उलथी घालून, खरवडून, तयार.
मला बघून हात पुसले.
"हाडलो मरे?"

खिशात ती खपली होती, एकतीस थरांची.
तीच काढून तिच्या तळहातावर ठेवली.
तिने उलटीसुलटी करून बघितली,
नखाने एक थर सोलला,
उन्हात धरला
आणि म्हणाली, हो तरी बरो आशिल्लो.
बोट जाड थरावर होतं.