चपलेचा नंबर

कोहळीटोल्याच्या मंडईत
आकाशपाळण्याची रांग बांबूच्या बल्ल्यांमधून जाते,
धानाच्या बांधीवरून जावं तशी वळत वळत.
दोन बल्ल्यांमध्ये दीड फूट.
माझी तीनचाकी सव्वादोन.
हे गणित मी लांबूनच करते,
टेप लागत नाही.
बँकेचा उंबरा, दवाखान्याच्या पायऱ्या, सगळे पाठ आहेत.

तिकीटवाला ओरडला,
"बाई, तुमी कायले लाईनीत?
मांगून या, जनरेटरपासून. डायरेक्ट बसवून देतो."
लाईनीतूनही आवाज आला,
"जाऊ द्या वो बिचारीले."

मागून मी खूप ठिकाणी गेले आहे.
लग्नात आचाऱ्याच्या चुलीकडून,
शाळेत मुतारीच्या बोळीतून.
तहसिलात तर साहेबच बाहेर आले,
गाडीवरच सही घेऊन गेले.
चांगला माणूस.
पण ते ऑफिस आतून कसं असतं
मला अजून ठाऊक नाही.

लवकर होतं सगळं, खरं आहे.
फक्त नंबर लागत नाही.

रेशनच्या दुकानापुढे पहाटे माणसं नसतात,
पिशव्या असतात, डबक्या, विटेचे तुकडे,
आणि विटेच्या पुढे घुसायची
कोणाच्या बापाची हिंमत नसते.

मी वाकले. उजवी चप्पल काढली.
सहा वर्षांपूर्वी साकोलीच्या बाजारात घेतलेली,
तळव्यावरचा कंपनीचा छाप अजून कोरा.
ऊस सोलणाऱ्या एका पोट्ट्याच्या मागे ठेवली.
म्हटलं, "हा माझा नंबर."
त्यानं चपलेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"बरं," म्हणाला, आणि थुंकायला दुसरीकडे वळला.

लोक हसले. हसणारच.

मागे शिंगाड्याची पिशवी घेतलेली बाई होती, देवांगनाबाई.
रांग हलली की ती अंगठ्यानं चप्पल पुढे सरकवायची,
झोपलेलं पिल्लू सरकवावं इतकं हळू.
मी बल्ल्यांच्या बाहेरून, हाताचं पॅडल फिरवत,
चपलेची दोन वळणं, माझी एक सरळ.
पलीकडच्या वळणावर ती दिसेनाशी झाली
आणि खरं सांगते, जीव खालीवर झाला.
तिथून कोणीतरी गुरकावलं,
"ही कोनाची चप्पल बे मधात?"
पोट्ट्याचा आवाज, तोंडात ऊस,
"नंबर हाय तो. ठेव खाली."

गेटाशी पोचलो, मी आणि ती.
तिकीटवाल्यानं दोघींकडे पाहून विचारलं,
"एक का दोन?"
तीस रुपये घेतले. पूर्ण तीस.

पाळणा माझ्या बसण्याच्या उंचीवर आला की
पुढचं काम हातांचं, ते मला येतं.
काखेत घुसू पाहणाऱ्या दोन हातांना म्हटलं,
"लागलं तर सांगीन."
लागलं नाही. म्हणजे थोडं लागलं, कोपराला.

वर गेल्यावर
तलाव दिसला, धानाचे पुंजणे,
दंडारीच्या मंडपावरची फाटकी ताडपत्री.
खाली माझी तीनचाकी,
मागच्या पत्र्यावर देणाऱ्याचं नाव, माझ्याहून मोठं,
आणि तिच्यावर चढलेलं एक शेंबडं पोर
ब्रेक लावलेलं पॅडल जिवाच्या आकांतानं फिरवत होतं.
मग पाळणा एकदम खाली सुटला
आणि पोटात गोळा आला.
सगळ्यांच्या आला तसाच.
मी शिवी दिली. देवांगनाबाईनं माझ्याहून मोठी दिली.

उतरले तेव्हा गेटाशी चप्पल नव्हती.
शोधली. रांगेत होती, अर्ध्यावर,
पट्ट्यावर माती, तळव्याला जिलेबीचा पाक,
आणि तिच्या मागे तोच गुरकावणारा, लाजत.
"म्हनलं अजून एक चक्कर मारत असान.
धरून ठेवला तुमचा."

कमरेच्या बटव्यात पन्नास उरले होते,
रात्रीच्या नाटकासाठी राखलेले.
मी चपलेकडे बघत बसले.
रांग हलली.
त्यानं तिला पुढे सरकवलं.