धन अर्थ

खाणी बंद पडल्यापासून माझ्याकडे ट्रक येत नाहीत.
येते ती क्लेमेंतिना टीचरची हिल्मन,
बापाची, छप्पन सालची,
टेम्पोमागे दोरीने बांधून चांदरहून कुडचड्याला,
बॉनेटवर कोंबडीची पिसं,
आणि टीचर स्टिअरिंगला, ताठ,
जणू इंजिन चालूच आहे.

"कितें जालां तिका?"
मी म्हटलं, आधी पाणी काढूया.

तळाची चावी पिळली, काहीच आलं नाही.
तार घातली, मग आलं:
आधी चहाच्या चोथ्यासारखं, मग तांबडं,
मग थेंब थेंब, आणि त्यात एक माशी, कधीची कोण जाणे.
टीचर वाकून बघत होत्या.
पपा मिळेल ते ओतायचे, म्हणाल्या.
घरच्या बावीचं, पारोड्याला नदीचं,
आणि एकदा मोल्याला, घाट उतरल्यावर,
बारमधला सोडा. पाच बाटल्या.
मम्मी मागच्या सीटवर पैसे मोजत होती.

वरची टाकी झाळ वितळवून सोडवली.
नळ्या चुन्याने गच्च.
जाळीत तांबडी धूळ, आमचीच,
ट्रकांतून रस्त्यावर सांडलेली,
वीस वर्षं माझं घर चालवणारी.
बोटाने ढकलली तर तांबं बिस्किटासारखं तुटलं.

पितळी टाक्या ठेवल्या दोन्ही.
मधे नवी जाळी, माप देऊन मडगावला करवलेली.
नवसागर, कथील, ब्लोलॅम्प.
शाणूमामा म्हणायचा,
डाग दिसला तर चालेल, रडला तर नाही.
हौदात बुडवून हवा भरली
आणि मी नि मिथिल बुडबुड्याची वाट बघत बसलो
गळ टाकून बसावं तसे.
एकच आला. अगदी सावकाश, कोपऱ्यातून.
परत डाग.

पंखा मात्र ठेवता येईना.
चार पाती, लोखंडी, दिसायला धडधाकट.
रॉकेल लावलं, पुसलं, वरून खडू फासला.
खडू टीचरच्या पर्समधला,
निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी.
एका पात्याच्या मुळाशी
पांढऱ्यावर ओली रेघ उमटत गेली, केसाएवढी.
त्यांनी चष्मा लावून ती पाहिली,
पोराच्या वहीतली चूक पाहावी तशी.
"काढ," म्हणाल्या.

नवा पंखा विजेचा, जाळीच्या मागे, गुपचूप.
रविवारी इंजिन लागलं.
काटा चढला. पंखा सुरू झाला.
काटा अजून चढला.
मिथिलने ग्रिलसमोर पेपरचं पान धरलं:
आत ओढून चिकटायला हवं.
ते उडालं, थेट रस्त्यापलीकडे.
बंद कर, बंद कर!

पंखा उलटा फिरत होता,
इंजिनाची वाफ पुढच्या दारी ढकलत.
चाळीस वर्षांचे हात:
लाल तार स्विचला, काळी बॉडीला, न बघता.
विसरलोच होतो की ह्या जुन्या विलायती गाड्यांची
बॉडी धनाला बांधलेली असते.
टीचरना समजावताना शब्दच असे आले:
हिचा अर्थ धन आहे.
आपल्या सगळ्यांचा ऋण असतो.
"पपांना सांगायला हवं होतं हे," त्या म्हणाल्या.
"आठ वर्षं हप्ते फेडले हिचे."

तारा बदलल्या. पाच मिनिटांचं काम,
लाज वाटायला संध्याकाळपर्यंत पुरलं.

मिथिल तेच पान घेऊन आला, धूळ झटकून,
ग्रिलसमोर धरलं आणि हात सोडला.
चिकटलं. निधनवार्तांचं पान,
छोटे छोटे चौकोनी चेहरे, एकही हलेना.
टीचर तिथेच उभ्या राहून वाचायला लागल्या.
हा कुंकळ्ळीचा, म्हणाल्या, माझ्या वर्गात होता.

मी काटा बघत होतो.
मधोमध.