जिन्याखालचं कपाट

कोपरखैरण्याच्या आमच्या चर्चमध्ये
हॉलच्या जिन्याखाली एक कपाट आहे.
चावी माझ्याकडे असते. सतरा वर्षं झाली.
आत दोन चाकांच्या खुर्च्या, चार वॉकर,
कुबड्यांच्या साडेतीन जोड्या,
उरलेली अर्धी कुठे गेली ते लॅन्सीलाच ठाऊक,
एक हवेची गादी, आणि ती भोकाची खुर्ची
जिचं नाव चारचौघांत कुणी घेत नाही.
कानाशी येऊन विचारतात,
"बाई, ती… ती आहे का?"
आहे, म्हणते मी. धुतलेली आहे.

नियम दाराला चिकटवलेत:
अनामत पाचशे. मुदत तीन महिने.
धर्म विचारला जाणार नाही.
हे शेवटचं फादर अँसेल्मनी मागाहून घातलं,
रो हाऊसमधले खैरमोडेकाका उंबऱ्याशी
चपला काढू की नको करत
अर्धा तास उभे राहिले, त्यानंतर.

रविवारी मराठी मिस्सेनंतर
पोरं चहाच्या किटलीला गराडा घालतात
आणि मी वही उघडून बसते.
नाव, इमारत, मजला, वस्तू, तारीख.
मजल्याचा रकाना मी वाढवला.
सिडकोच्या जुन्या इमारतींना लिफ्ट नाही,
खुर्ची वर न्यायला युवकांतले दोघे लागतात.
जोएलची दर रविवारी उद्या परीक्षा असते.
तरी येतो.

शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तिथे एकच शब्द लिहायची पद्धत पडली आहे: परत.
तुस्कानोमावशी स्वतः वॉकर खांद्यावर टाकून आल्या,
"घे गं, आता नाचून दाखवू?"
परत.
खैरमोडेकाकांचा मुलगा एकटा आला,
खुर्ची डेटॉलने पुसलेली, चाकांत तेल घातलेलं.
परत.
शाई तीच, अक्षर तेच.
उद्या कुणी वही चाळली तर कळायचं नाही
कोण चालत आलं, कुणाला उचलून नेलं.

पहिल्या वर्षी मी विचारायची, "आता कसं आहे?"
एकदा विचारलं आणि समोरची बाई
टेबलाची कड धरून खालीच बसली.
तेव्हापासून विचारत नाही.
वस्तू ताब्यात घेते, चहा पुढे करते.
ज्याला सांगायचं तो साखर ढवळताना सांगतो.

अनामत बहुतेक जण सोडून देतात,
"राहू द्या, पेटीत टाका."
रोझलिन तिर्कीही म्हणाली होती.
सानपाड्यात चार घरची कामं,
आईच्या कुबड्या ठेवल्या आणि गेली भराभरा.
दहा दिवसांनी आली, भर दुपारी, हॉलमध्ये कुणी नसताना,
खिडकीबाहेर बघत म्हणाली,
"बाई, ते पाचशे… अजून असतील?"
पाकीट पेटीत टाकायचं माझ्याकडून राहिलं होतं,
निव्वळ आळसाने.
आता सगळ्यांचीच पाकिटं महिनाभर तशीच ठेवते.
हिशेब बघणारे रागावतात. रागावू देत.

वॉकर नंबर तीनच्या पायांना
कुणीतरी हिरवे टेनिस बॉल लावून पाठवले,
मध्यरात्री फरशीवर टकटक नको म्हणून.
कुणाच्या घरी कुणाची झोप इतकी हलकी होती?
वहीत बघितलं, नऊ घरं फिरून आला होता तो.
शोध सोडला, बॉल काढले नाहीत.
आता सगळे तोच मागतात, "तो बिनआवाजाचा."

परवा सगळे गेल्यावर
माझा गुडघा जिन्याकडे बघून थांबला.
कपाट उघडं होतंच.
तीन नंबर घेतला, स्टेजपासून दारापर्यंत गेले,
दारापासून स्टेजपर्यंत.
खरंच आवाज येत नाही.
वळले, तर जोएल किटली न्यायला आलेला.
त्याने पाहिलं. मग किटलीत डोकावला,
जणू तळाशी काही राहिलं असावं.
वही मिटलेलीच होती.
"बाई," तो किटलीलाच म्हणाला,
"तुमचा तिसरा मजला ना?"