हाकेचं अंतर

मी पालिकेत गाळ्यांची भाडी ठरवते,
चौरस फुटाला किती पौंड, ते लिहिते.
त्या मंगळवारी शेफील्डात, अरंडेल स्ट्रीटच्या मागे,
विटांच्या एका अंगणात, दुसऱ्या माळ्यावर
क्लिफर्ड शिमेल्ड कात्र्या जोडत बसला होता.
वय चौऱ्याऐंशी. हीटर बंद. टोपी डोक्यावरच.

म्हटलं, रॉदरमला शेड मिळेल निम्म्या भाड्यात,
तळमजला, ट्रक थेट दाराशी लागेल.
तो म्हणाला, "तिथे हाक कुणाला मारू?"

मग त्यानं कात्री सोडवून ठेवली माझ्यापुढे.
पातं घडवणारा समोरच्या अंगणातला.
धारवाला खाली, पोर्टर ओढ्याकाठी.
मुठींना झिलई देणाऱ्या बायका वरच्या माळ्यावर,
अंगाला तपकिरी कागद गुंडाळून, मोठमोठ्यानं हसत.
एक बहिरा गृहस्थ स्क्रू करायचा,
फक्त स्क्रू,
जन्मभर.
आणि शेवटी हा, जोडारी.
कुणाच्याच घरात अख्खी कात्री नव्हती.
अख्खी कात्री फक्त गल्लीत होती.

ओढ्यांना उतार होता, डोंगरात सहाणेचा दगड होता,
म्हणून पहिला माणूस थांबला, एवढं खरं.
पण पुढे पाणचक्क्या कुजल्या,
दगडही बाहेरून यायला लागला,
तरी कुणी हललं नाही.
दुसरा पहिल्यामुळे आलेला, तिसरा दोघांमुळे,
चौथ्याला तर कुणी विचारलंही नसेल.
गुळाला मुंगळे लागतात म्हणतात;
इथे गूळ संपला
आणि मुंगळ्यालाच मुंगळा लागला.

कामावर येणारं पोर निम्मं शिकूनच यायचं.
पोलादावर गवताचा पिवळा चढला की पाण्यात बुडव,
हे चहाचा रंग कळावा तसं
जिन्यातल्या प्रत्येकाला ठाऊक.
मालकाशी सकाळी भांडलं
तर दुपारी तीन दारं सोडून दुसरं काम.

"आणि धूळ?" मी विचारलं.
"तीही सगळ्यांची."
आजोबा चाकावर ओणवे, छातीत दगड साठत गेला.
बेचाळिसाव्या वर्षी गेले, खोकत.
हाक पोचते तिथवर खोकलाही पोचतो.

माझ्या फॉर्मवर रकाने आहेत:
भिंती, छप्पर, संडास, पार्किंग.
भाडं मात्र ह्यातल्या कशाचंच नसतं,
शेजाराचं असतं.
आणि हा शेजार कोणत्या घरमालकानं बांधला,
ते मला नोकरीच्या एकोणीस वर्षांत
एकाही कागदावर सापडलेलं नाही.

क्लिफर्डनं दोन पाती जुळवून उजेडासमोर धरली.
मधे फट. मला वाटलं, बिघडली.
"मुद्दाम वाकवलीत," म्हणाला.
"सपाट पाती नुसती एकमेकींना चिकटतात.
एका वेळी एकाच जागी भेटायला हवीत,
आणि ती जागा सरकत राहायला हवी."
हातोडीचा हलका ठोका. मग कान लावून
उघड, मीट. उघड, मीट.
पुन्हा एक ठोका.

डबीत स्क्रू नव्हता. तो उठला,
खिडकीची काच वर सरकवली आणि खरोखरच ओरडला.
समोर आता विद्यार्थ्यांच्या खोल्या, एक योगवर्ग,
आणि काहीतरी सॉफ्टवेअर.
मला लाज वाटली. मी फॉर्मकडे पाहिलं,
आकडा लिहिला; नोकरी आहे.

तेवढ्यात समोरची खिडकी उघडली.
कानांवरचे हेडफोन मानेवर ओढत एक मुलगी:
"काय हवंय?"
"स्क्रू. चार मिलिमीटर. पितळी."
"माझ्याकडे नाही," ती म्हणाली. "थांबा."
आणि मागे वळून
तिनं आत कुणाला तरी
हाक मारली.