आखूड दात

नवी सायकल घेऊन अडुसष्ट दिवस झाले,
सहाशे बारा किलोमीटर;
दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर
रोजचा आकडा मांडते मी.

रविवारी बालिंग्यापर्यंत गेले होते.
ट्रॉल्यांनी रस्ताभर पाचट सांडलेलं,
आणि परतताना चढाला
पायाखालून आवाज आला:
कुर्र. मग काही नाही. मग पुन्हा कुर्र.
कुणी झोपेत दात खावेत तसा.

घरी येऊन सायकल उलटी केली,
सीट फरशीवर, चाकं आढ्याकडं,
मोबाईलचा उजेड लावून बसले.
चेन काळी. बोट लावलं तर बोट काळं.
आणि पुढच्या चकतीवर
एक दात आखूड,
त्याच्या पलीकडचा तासल्यासारखा तिरका,
मग चार नीट,
मग पुन्हा एक आखूड.

माझं काम दातांचंच.
राजारामपुरीत जिन्याखालच्या लॅबमध्ये
एकवीस वर्षं कवळ्या बनवते.
प्लास्टरचा साचा हातात आला की सांगते,
हा माणूस डाव्या बाजूनं चावतो,
ह्या बाईला रात्री झोप नाही,
ह्यानं सुपारी सोडलेली नाही,
डॉक्टरला काहीही सांगू दे.
झीज मला वाचता येते असा माझा समज.
म्हणून त्या रात्री ठरवूनच टाकलं,
अडुसष्ट दिवसांत मी सायकल खाल्ली.
अठरा हजार. त्यातले अकरा भिशीचे.
घरात कुणाला बोलले नाही.

उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रींचं दुकान,
शेजारी लेथ चालू, हवेत जळक्या ऑइलचा वास.
त्यांनी आधी काही बघितलंच नाही,
पॅडल उलटं फिरवलं आणि कान दिला.
मग खोक्यातून पोलादी पट्टी काढली,
एका पिनीच्या मध्यावर शून्य ठेवलं,
बारा इंचांवर अंगठ्याचं नख टेकवलं.
"बघा. पिन कुठं हाय?"
बरोबर बारावर.
"चेन लांबती म्हंत्यात, पण लोखंड ताणत न्हाई ताई.
एकेक पिन केसाएवढी झिजती.
शंभरावर पिना, शंभरावर केस.
हितनं अर्धा सूत फुडं सरकली
की मग या माझ्याकडं, रडायला."

मी आखूड दाताकडं बोट केलं.
"त्यो झिजल्याला न्हाई. तसाच घडवल्याला हाय.
समदं दात सारखं उंच असलं
तर चेन ह्या चकतीवरनं त्या चकतीवर
चढंल कुठनं?
वाट नको व्हय तिला?"

एकवीस वर्षं मी दात सारखे करते.
मेणात बसवते, दोरा धरून बघते,
एखादा खाली-वर दिसला की घासते.
काही बोलले नाही.

मागच्या चकत्यांच्या फटीतून त्यांनी
चिमट्यानं पाचटाचा एक धागा ओढला.
एवढाच तो आवाज.
मग कडीकडीला थेंब थेंब तेल,
आणि लगेच फडक्यानं पुसून काढलं:
"आतल्याला पाजायचं. भायेरचं पुसायचं."

पैसे घेईनात. चहा मागवला.
घोट घेताना त्यांनी
उजवा गाल जरासा आत ओढला.
वरची दाढ नाही,
तिच्या रिकाम्या जागेत खालची वर चढत आलेली,
सगळा भार डावीकडं,
पाच-सहा वर्षं तरी.
पट्टी न लावता दिसलं.

"लॅबला येऊन जावा कधीतरी," मी म्हटलं, "माप घेतो."
"कसलं माप?"
मी माझ्याच गालावर बोट ठेवलं.
मिस्त्री गप्प झाले. फडक्याला हात पुसत राहिले,
हात कधीचे कोरडे होते.
मग हळूच, लेथच्या आवाजाखालून,
"लई झिजल्यात काय वो?"

रात्री वहीत लिहिलं:
सहाशे एकोणीस. बारा इंच, बरोबर बारा.
त्याखाली, दुधाच्या खाड्याशेजारी,
मिस्त्री. उजवी वरची. सोमवारी, बहुतेक.