एक अंग गार

जालन्याच्या भंगारातून चाळीस रुपयाला आणली:
पांढरी, बिस्किटाएवढी, दोन वायरी, एक लाल, एक काळी,
कुठल्यातरी मेलेल्या वॉटर कूलरचं काळीज.
वीज दिली की एका अंगानं गार पडायची.
आयटीआयचे कंधारकर सर म्हणाले होते,
उलटंही होतं.
एक अंग तापव, दुसरं गार ठेव,
ती तुला वीज देईल. थोडी. फार आशा धरू नको.

सेलूत धगीला काय तोटा.
मायची फुटाण्याची भट्टी पहाटे चारला पेटते,
तुऱ्हाट्या, पळाट्या, सुताराकडचा भुसा,
कढईतली काळी वाळू तडतडते
अन् निम्मी धग भिंतीतून गल्लीत जाते.
कुत्री अंग शेकून घेतात, बाकी तिचं काहीच होत नाही.
तिच्यावर माझा डोळा होता.

पहिली वडी मी हावरटासारखी जाळाजवळ लावली.
आतला डाख वितळला. चाळीस रुपये गेले.
दुसरी बाहेरच्या अंगाला लावली,
जिथं हात टेकवला की लगेच मागे येतो.
मीटरचा काटा उठला,
थरथरला,
आणि बसला.
वडीची पाठही तापली होती.

तेव्हा कळलं, नुसती धग काही कामाची नाही.
धगीला पलीकडं जायला जागा लागते.
तिथं गारवा लागतो, म्हणजे आमच्याकडं
पाणी.
नळ नवव्या दिवशी.

माय झारा फिरवत ऐकत होती.
"हरभऱ्यावर शिंपडायला पाणी लागतंच की," म्हणाली,
"ते आधी तुझ्या वडीवर ठेव.
कोमट झालं की मला दे.
मी काय चुलीवर वेगळं तापवत बसू?"

ॲल्युमिनियमचा डबा, त्याला टेकून वडी, वडीला टेकून भिंत.
अशा सहा वड्या एकीमागं एक जोडल्या
तेव्हा एक एलईडी लागला,
उंदराच्या डोळ्याएवढा.
"ह्याच्यानं काय दिसणार?" माय म्हणाली,
"फुटाणा झाला का नाही ते मला आवाजावरून कळतं."
पण लाईट गेल्यावर गिऱ्हाईक वाकून वाकून
तराजूचा काटा पाहायचं.
तिथं तिनंच तो दिवा तारेनं बांधला.

आता गंमत ऐका.
पुसात, पाणी बोटं गोठवतं तेव्हा, तो झळाळतो.
वैशाखात, चव्वेचाळीस डिग्रीला,
पाणी पिंपातूनच तापून येतं,
अन् दिवा मिणमिणतो.
सगळं गाव तापलेलं आणि वीज सगळ्यांत कमी!

"सगळेच तापले," माय म्हणते,
"तर कोण कुणाला काय देणार?"

मी वहीत लिहिते. भिंत: सत्त्याण्णव. पाणी: एकेचाळीस.
वजाबाकी करते.
ती परातीत हरभरा चोळते, मीठ, हळद,
मग उठते, हात पदराला पुसते,
आणि पिंपावर ओलं गोणपाट टाकून येते.
सांगितलं नव्हतं मी.